आधी पाय, मग झोप

‘मला रात्री झोप लागत नाही’ एवढे एकच वाक्य घेऊन रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमचा, म्हणजे विश्रांतीच्या वेळी पाय हलवण्याची अनावर इच्छा होण्याच्या आजाराचा, रुग्ण डॉक्टरांकडे गेला, तर त्याच्या हाती बहुधा झोपेची गोळी पडते, आणि ती गोळी त्याच्या पायांना अपायकारक असण्याची शक्यता बरीच असते. झोप आणि पाय या दोन तक्रारी एकाच रात्री, एकाच अंथरुणात भेटत असल्या, तरी दोन्हींचे औषध एक नाही आणि त्यांचा क्रम उलटा करून चालत नाही. पाय आवरल्याशिवाय झोपेवर केलेला उपचार फारसा टिकत नाही. आणि पाय शांत झाल्यावरही झोप परतली नाही म्हणून पायांच्या औषधाची मात्रा वाढवत राहणे, हीदेखील तेवढीच मोठी चूक ठरते. पुढचे मार्गदर्शन या दोन चुका टाळण्यासाठी आहे. त्यात औषधांची नावे आणि मात्रा मोकळेपणाने दिल्या आहेत, त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून. स्वतःच्या मनाने गोळी सुरू करणे, वाढवणे किंवा एकाएकी बंद करणे या आजारात विशेष महागात पडते.

हा आजार तोच आहे याची खात्री

रुग्ण या संवेदनेचे वर्णन नाना प्रकारे करतात. कोणी म्हणते पोटरीच्या आत काहीतरी वळवळते, कोणी म्हणते पाय शिवशिवतात, कोणाला हाडाच्या आतून ओढ बसल्यासारखी वाटते, तर कोणाला नेमका शब्दच सापडत नाही. शब्द कोणताही असो, निदान चार खुणांवर होते. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते. ती बसल्यावर किंवा पडल्यावर सुरू होते अथवा वाढते. चालले, पाय ताणले की निदान तेवढ्यापुरती कमी होते. आणि संध्याकाळी व रात्री ती दिवसापेक्षा अधिक असते. याखेरीज ही लक्षणे पायात गोळा येणे, एकाच स्थितीत अवघडून बसणे, सांधेदुखी किंवा नसांचा विकार यांनीच पूर्णपणे समजावता येत नाहीत ना, हे डॉक्टरांना पाहावे लागते. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि दुखतो. या आजारात स्नायू मऊच असतो, अस्वस्थता आत असते. मधुमेहातील नसांच्या विकाराने होणारी आग चालल्याने सहसा थांबत नाही. हे फरक डॉक्टरांसमोर स्पष्ट मांडले, तर निदान बरेच लवकर होते.

या आजाराचे वर्णन इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच केले होते आणि त्यांनीही रुग्णांना झोप अशक्य होते यावरच भर दिला होता. स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन करून आजचे नाव रूढ केले. म्हणजे झोपमोड हे या आजाराचे एखादे किरकोळ उपलक्षण कधीच नव्हते. बहुतेक रुग्णांच्या पायांना झोपेतही ठरावीक अंतराने झटके बसत असतात, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला ते रुग्णाच्या आधी कळतात. त्यामुळे शक्य असेल तर पहिल्या भेटीला त्या माणसाला सोबत न्यावे.

दोन आठवड्यांची नोंद

औषध ठरण्यापूर्वी किमान चौदा रात्रींची नोंद ठेवावी. त्यासाठी साधी वही पुरते. पायांची अस्वस्थता किती वाजता सुरू झाली, दिवे किती वाजता मालवले, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळा जाग आली आणि सकाळी कितीला उठलो, एवढे लिहावे. यात आणखी एक रकाना असावा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: जागे असताना पाय शांत होते की अस्वस्थ?

या एका रकान्यातून तीन निरनिराळे प्रश्न वेगळे होतात. पायांमुळेच पहिली झोप लागत नसेल, तर मुख्य औषध आणि त्याची वेळ यांवर काम करावे लागते. झोप लागते, पण दोन-तीन तासांनी पायच उठवतात असे असेल, तर औषधाचा परिणाम पहाटेपर्यंत पोहोचत नसावा, किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार सोबत असावा. मोठ्याने घोरणे, श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून उठणे आणि दिवसा पेंग येणे ही त्याची चिन्हे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. तिसरी स्थिती फसवी असते. पाय शांत असतात, तरीही डोळे टक्क उघडे. हा खरा निद्रानाश. महिनोन्‌महिने रात्री अंथरुणात झगडल्यावर मेंदूने अंथरूण म्हणजे जागरण अशी गाठ बांधून घेतलेली असते आणि पायांच्या गोळीने ती सुटत नाही.

पायांची अस्वस्थता सुरू होण्याची वेळ लिहून ठेवण्याचा आणखी एक दूरचा उपयोग आहे. पुढे औषधानेच आजार वाढू लागला, तर त्याची पहिली खूण याच आकड्यात दिसते.

पहिली तपासणी लोहाची

या आजारात मेंदूच्या काही भागांत लोह कमी असते, आणि डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागते. शरीरात रक्त पुरेसे आहे, हिमोग्लोबिन चांगले आहे, म्हणून लोहही ठीक आहे असे समजण्याची चूक येथे वारंवार होते. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरले आहे ते दाखवणारे) या दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात. रक्त सकाळी, शक्यतो उपाशीपोटी द्यावे आणि आधीचे किमान २४ तास लोहाची गोळी घेऊ नये, कारण त्याने आकडे फुगतात.

आता अहवाल कसा वाचायचा. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर फेरिटिनची खालची मर्यादा बरीच कमी असते, त्यामुळे २० किंवा ३० हा आकडाही तेथे सामान्य म्हणून छापला जाऊ शकतो. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असलेल्या प्रौढासाठी मात्र फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, अथवा ट्रान्सफरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार करतात. फेरिटिन ७५ ते १०० च्या दरम्यान असेल, तर तोंडाने घेतलेले लोह फारसे शोषले जात नाही, म्हणून अशा वेळी शिरेतून लोह देण्याचा पर्याय डॉक्टर मांडू शकतात. अंगात ताप, संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटे वाढते; तेव्हा तो आकडा एकटा वाचू नये.

तोंडाने घ्यायचे असेल, तर सुमारे ६५ मिलिग्रॅम शुद्ध लोह असलेली गोळी क जीवनसत्त्वासोबत, दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड देतात. एक दिवसाआड घेतल्याने प्रत्येक गोळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते आणि बद्धकोष्ठाचा त्रासही कमी होतो. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्ताची औषधे लोहाचे शोषण कमी करतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर राखावे. साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहांपैकी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज या प्रकाराला सध्या सर्वांत भक्कम आधार आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही तर निराश होऊ नये. शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक विकार असलेल्यांना लोह घातक ठरते, हे एक कारणच स्वतःहून लोह न घेण्यास पुरेसे आहे. शिवाय लोह कमी आढळले, तर ते कोठे जाते आहे हेही शोधले पाहिजे. मासिक पाळीतील जास्त रक्तस्राव, वारंवार रक्तदान किंवा आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव यांकडे दुर्लक्ष करून नुसते लोह भरत राहणे धोक्याचे आहे.

पाय बिघडवणारी झोपेची औषधे

दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्यांत बहुधा डायफेनहायड्रामिन किंवा डॉक्सिलामिन असते. ही अ‍ॅलर्जीवरची जुनी औषधे आहेत आणि गुंगी आणतात, पण अनेक रुग्णांचे पाय त्यांनी कमालीचे बिघडतात. हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन आणि सर्दीच्या मिश्रगोळ्यांतील क्लोरफेनिरामिन यांचेही तसेच. गुंगी आहे, डोळे जड आहेत आणि पाय मात्र थांबत नाहीत, अशी रात्र ज्याने काढली त्याला या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अ‍ॅलर्जीसाठी औषध हवेच असेल, तर मेंदूत कमी शिरणाऱ्या फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनसारख्या औषधाबद्दल विचारावे.

दुसरा मोठा गट नैराश्य आणि चिंतेवरील औषधांचा आहे. एसएसआरआय व एसएनआरआय वर्गातील अनेक औषधे, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, आणि विशेषतः मिर्टाझापिन यांनी लक्षणे सुरू होऊ शकतात किंवा वाढू शकतात. अडचण अशी की अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन अनेकदा झोपेसाठीच दिली जातात. ब्युप्रोपिऑन पायांच्या दृष्टीने सहसा सुरक्षित मानतात, पण ते स्वतः झोप उडवू शकते, म्हणून सकाळी घेतात. येथे एक गोष्ट फार गांभीर्याने सांगितली पाहिजे: नैराश्याचे औषध पायांसाठी म्हणून परस्पर बंद करू नये. ज्या औषधाने माणूस सावरला आहे ते काढून पायांची सोय पाहणे बरेचदा योग्य नसते. पायांचे औषध जोडून दोन्ही सांभाळण्याचा मार्गही असतो, आणि तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून घ्यावा.

मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझिन, तसेच झोपेसाठी कमी मात्रेत दिले जाणारे क्वेटियापिन यांसारखी मानसिक आजारांवरील औषधे डोपामिनला अडवतात, म्हणून तीही या यादीत येतात. शस्त्रक्रियेच्या वेळी हे विशेष लक्षात ठेवावे. भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव आधीच सांगितले, तर मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉनसारखा पर्याय वापरता येतो. संध्याकाळचे कॅफिन, मद्य आणि तंबाखू यांबद्दल नव्याने सांगण्यासारखे थोडेच आहे. मद्याने झोप लवकर लागल्यासारखी वाटते आणि मध्यरात्रीनंतर पाय व झोप दोन्ही बिघडतात, एवढे स्वतःच्या नोंदवहीत पडताळून पाहावे.

रोजचे मुख्य औषध

लोह भरून निघाले, बिघडवणारे औषध दूर झाले, तरी आठवड्यातल्या बऱ्याच रात्री पाय अस्वस्थ राहत असतील, तर रोजच्या औषधाची वेळ येते. आज पहिली पसंती गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन एनाकार्बिल या गटाला आहे. निद्रानाश असलेल्या रुग्णासाठी तर ही निवड दुहेरी उपयोगाची ठरते, कारण ही औषधे पायांची अस्वस्थता कमी करतात आणि झोप अधिक गाढ व सलग करतात.

सुरुवात लहान मात्रेने होते. गॅबापेंटिन साधारण ३०० मिलिग्रॅमने आणि प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅमने सुरू करतात. वय ६५ च्या पुढे असेल तर अनुक्रमे १०० आणि ५० मिलिग्रॅमने. मग काही दिवसांच्या अंतराने पायरी-पायरीने वाढवत नेतात. बहुतेकांना गॅबापेंटिन दिवसाला ९०० ते २४०० आणि प्रीगॅबालिन १५० ते ४५० मिलिग्रॅमच्या दरम्यान लागते. पहिल्याच लहान मात्रेवर दोन रात्री काढून ‘हे औषध मला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढणारे रुग्ण पुष्कळ असतात, आणि एका चांगल्या औषधाला ते विनाकारण मुकतात.

किती घ्यायचे याइतकेच केव्हा घ्यायचे हेही महत्त्वाचे असते. गोळी घेऊन लगेच अंथरुणावर पडले, तर औषध रक्तात चढेपर्यंतचा काळ नेमका पायांच्या तावडीत जातो. म्हणून लक्षणे सुरू होण्याच्या किंवा झोपण्याच्या एक-दोन तास आधी मात्रा घेतात. ही वेळ ठरवण्यासाठीच नोंदवहीतील आकडा हवा असतो. संध्याकाळी सातपासूनच पाय सुरू होत असतील, तर मात्रेचा एक भाग संध्याकाळी आणि उरलेला रात्री देता येतो. गॅबापेंटिनबाबत अशी विभागणी आणखी एका कारणाने उपयोगी पडते. आतडे एका वेळी मर्यादितच गॅबापेंटिन शोषून घेते आणि एकदम मोठी मात्रा घेतल्यास तिचा बराच भाग वाया जातो. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध घेतल्यास मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. प्रीगॅबालिनला शोषणाची अशी मर्यादा नसते.

या औषधांनी चक्कर येणे, दिवसा सुस्ती, तोल जाणे, वजन वाढणे आणि पायांवर सूज येणे हे त्रास होऊ शकतात. पहिल्या आठवड्यात आणि प्रत्येक वाढीनंतर सकाळी डोके पूर्ण हलके झाल्याची खात्री होईपर्यंत वाहन चालवू नये. रात्री लघवीला उठणाऱ्या वयस्कर माणसाच्या वाटेत मंद दिवा ठेवावा आणि अडखळण्यासारखे काही ठेवू नये. मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर मात्रा बरीच उतरवावी लागते, कारण ही औषधे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. फुप्फुसांचा जुना विकार असेल, किंवा सोबत अफूजन्य वेदनाशामक, झोपेची गोळी वा मद्य असेल, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. मन खिन्न होऊ लागले, जीव द्यावासा वाटू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगावे. बंद करायचे झाले तरी ते टप्प्याटप्प्यानेच.

डोपामिनची औषधे आणि हळूहळू चढणारा त्रास

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि त्वचेवर चिकटवायची रोटिगोटिनची पट्टी ही डोपामिनसारखे काम करणारी औषधे पूर्वी पहिल्या पसंतीची मानली जात. त्यांचे नाव वाचून किंवा माहितीपत्रकात पार्किन्सनचा उल्लेख पाहून अनेक जण हादरतात. दोन्ही आजारांत तीच औषधे वापरली जातात एवढाच त्याचा अर्थ आहे. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम पुढे पार्किन्सनमध्ये बदलत नाही.

ही औषधे पहिल्या काही रात्रींत जादू केल्यासारखी लागू पडतात, आणि नेमके तेच त्यांचे फसवे रूप आहे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तेच औषध आजार वाढवू लागते. या प्रकाराला ऑगमेंटेशन म्हणतात. पूर्वी रात्री दहाला सुरू होणारी अस्वस्थता सातला, मग दुपारी चारला सुरू होते. बसल्यावर ती पूर्वीपेक्षा लवकर उसळते. पायांपुरती होती ती हातांत किंवा धडात पसरते. गोळीचा परिणाम कमी तास टिकतो. मात्रा वाढवली की आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि पुन्हा सगळे आणखी खालच्या पायरीवर येते. प्रामिपेक्सोल व रोपिनिरोलवर दरवर्षी साधारण ७ ते ८ टक्के रुग्ण या अवस्थेत जातात असे आढळले आहे, आणि रोज लेव्होडोपा हे डोपामिनचेच दुसरे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण कितीतरी अधिक असते. म्हणूनच अमेरिकेतील झोपतज्ज्ञांच्या अकादमीने आपल्या नव्या मार्गदर्शनात या गटाचा सरसकट वापर करू नये असे सुचवले आहे. मला हा बदल योग्य वाटतो, कारण पहिल्या महिन्यातील सुखासाठी अनेकांनी पुढची कैक वर्षे मोजली आहेत.

तुम्ही आधीपासून यांतले औषध घेत असाल आणि कमी मात्रेवर वर्षानुवर्षे ठीक असाल, तर हे वाचून घाबरण्याचे किंवा गोळी फेकून देण्याचे कारण नाही. मात्रा चढत नाही ना, एवढे पाहावे. या आजारासाठी प्रामिपेक्सोल दिवसाला ०.५ मिलिग्रॅम, रोपिनिरोल ४ मिलिग्रॅम आणि रोटिगोटिन ३ मिलिग्रॅम या मर्यादांच्या आत ठेवतात, आणि या मर्यादेच्या बरेच आत राहणे अधिक चांगले. दर सहा महिन्यांनी जुनी वही काढून लक्षणे सुरू होण्याची वेळ पडताळावी. वेळ दोन-तीन तास अलीकडे सरकली असेल, तर ‘गोळी पुरत नाही, वाढवून द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘मला ऑगमेंटेशन झाले आहे का’ असा प्रश्न विचारावा. फेरिटिन पुन्हा तपासावे, कारण लोह कमी असल्यास हा धोका वाढतो.

निद्रानाशाशी याचा संबंध आहे तो असा. ऑगमेंटेशन झालेल्या माणसाची झोप इतकी तुटते, की त्याला आणि कधीकधी डॉक्टरांनाही मूळ तक्रार निद्रानाशाची वाटते, आणि डोपामिनच्या औषधावर झोपेची गोळी चढवली जाते. शिवाय ही औषधे काहींची झोप स्वतःच उडवतात, तर काहींना दिवसा अचानक झोपेचा झटका आणतात.

आणखी एक दुष्परिणाम संकोचामुळे लपवला जातो. जुगार, अनावर खरेदी, अतिखाणे किंवा लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणे हे या औषधांनी होऊ शकते, आणि ज्याला होते त्याला ते आपल्याच स्वभावाचे स्खलन वाटते. ते औषधाचे काम आहे. घरातल्या एका विश्वासू माणसाला याची आधीच कल्पना द्यावी आणि वागण्यात फरक दिसला तर सांगण्याची मोकळीक द्यावी.

औषध सोडवायचे ठरले, तर सहसा आधी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन पुरेशा मात्रेपर्यंत आणतात आणि मग डोपामिनचे औषध अतिशय हळू उतरवतात. एकाएकी बंद केल्यास लक्षणे उसळतात, आणि त्यासोबत तीव्र चिंता, उदासी, घाम व अंगदुखीही येऊ शकते. शेवटची मात्रा थांबल्यानंतरच्या काही रात्री जवळजवळ झोपेविना जातात. हे आधी माहीत असेल तर माणूस टिकून राहतो. माहीत नसेल तर तिसऱ्या रात्री जुन्या गोळीकडे वळतो. त्यामुळे तो आठवडा कामाच्या धबडग्यापासून दूर असा निवडावा, वाहन चालवण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावी, आणि त्या रात्रींसाठी तात्पुरते काय घेता येईल हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इतर सर्व उपाय थकलेल्या गंभीर रुग्णांसाठी कमी मात्रेतील ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन किंवा ऑक्सिकोडोन या अफूजन्य वर्गातील औषधांचा उपयोग होतो, पण तो अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

पाय शांत, तरीही जाग

नोंदवहीतील शेवटचा रकाना आता ‘शांत’ म्हणतो आणि तरीही झोप येत नाही, तेव्हा पायांच्या औषधाला हात लावू नये. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून वर्तनाधारित पद्धत सांगितली जाते: झोप आल्यावरच अंथरुणावर जाणे, बराच वेळ जाग राहिल्यास उठून दुसऱ्या जागी बसणे, रोज एकाच वेळी उठणे, आणि अंथरुणात घालवण्याचा एकूण काळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळ आणणे. मात्र ही पद्धत या आजारात जशीच्या तशी वापरू नये, कारण अपुरी झोप पायांची लक्षणे भडकवते. सर्वसाधारण रुग्णात अंथरुणातला काळ झपाट्याने कमी करतात. येथे तो आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी, सावकाश कमी करावा आणि पाय बिघडले तर थांबावे. निश्चल पडून करायचे शिथिलीकरणही अनेकांना सोसत नाही, कारण निश्चलता हीच या आजाराची ठिणगी आहे. त्याऐवजी आधी पायांना हलके ताण द्यावेत, पोटऱ्या चेपून घ्याव्यात, आणि मन गुंतेल असे काही करावे; शब्दकोडे किंवा विणकाम यांसारख्या कामात मन रमले की बसून असतानाही पाय बरेचदा गप्प राहतात.

एक सवलत मात्र या आजाराने ठेवली आहे. लक्षणे मध्यरात्रीच्या आसपास जोरात असतात आणि पहाटेनंतर ओसरतात. कामाच्या वेळा परवानगी देत असतील, तर दहाला अंथरूण गाठण्याचा हट्ट सोडून बारा ते सात किंवा एक ते आठ अशी झोप ठरवून पाहावी. अनेकांना एवढ्या बदलानेच पायांशी होणारी निम्मी झटापट टळते.

झोपेची गोळी अगदीच लागली, तर तिच्याकडून काय होणार आणि काय नाही हे आधी स्पष्ट असावे. झोल्पिडेमने पायांची अस्वस्थता जात नाही, आणि त्याच्या अमलाखाली झोपेत चालणे किंवा नकळत खाणे असे प्रकार होऊ शकतात. पायांमुळे अंथरुणातून उठण्याची सवय असलेल्या माणसात तर हा धोका विशेष विचारात घ्यावा. क्लोनाझेपाम पूर्वी या आजारात सर्रास दिले जाई. ते शरीरात तीसेक तासांहून अधिक रेंगाळते, म्हणून दुसऱ्या दिवशी सुस्ती, वृद्धांत पडणे आणि हळूहळू सवय लागणे हे प्रश्न येतात. झोपेत श्वास अडखळत असेल तर ते टाळणेच बरे. आधीपासून रोज घेत असलेल्यांनी ते एकदम थांबवू नये. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन चालू असताना यांपैकी कोणतीही गोळी वाढली की गुंगीची बेरीज होते, म्हणून डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारून घ्यावे.

गर्भवती स्त्रियांसाठी हा सगळा क्रम बदलतो. शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास अनेकींना होतो आणि बाळंतपणानंतर तो बहुधा थांबतो. तेथे लोहाची तपासणी व भरपाई, चालणे आणि पाय ताणणे यांवर भर असतो आणि वरील बहुतेक औषधे टाळली जातात. डायलिसिसवरील रुग्णांनी मात्रांचे वर दिलेले आकडे स्वतःला लावू नयेत.

आणि औषधे नीट बसल्यावरही एखादी रात्र बिघडतेच. अशा रात्री जादा गोळी घेण्याआधी उठून पाच-दहा मिनिटे चालावे, पोटऱ्या ताणाव्यात, पायांवर सोसेल इतके गरम किंवा थंड पाणी घ्यावे आणि मंद उजेडात उभ्याने करता येईल असे एखादे काम हाती घ्यावे. त्या दिवशी नवीन औषध घेतले होते का, मात्रा उशिरा घेतली का, संध्याकाळचा बराच वेळ प्रवासात बसून गेला का, हे सकाळी वहीत लिहावे. आठवड्यात अशा रात्री दोनपेक्षा अधिक होऊ लागल्या, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि बोलण्याची सुरुवात झोपेपासून न करता पाय किती वाजता सुरू होतात येथून करावी.